स्वखुशीने

डोंगरावरच्या विहाराच्या फाटकावर सरकारी कागद डकवला, त्या दिवशी सुतार खाली गावात एका घराला चौकट बसवत होता. त्याची बायको रोज सकाळी विहारात भाजी पोचवायला जायची. ती रिकामी टोपली डोक्यावर घेऊन तशीच त्याच्याकडे आली.

"साठ जण ठेवणार म्हणे. बाकीच्यांनी आपापल्या घरी जायचं."

"साठ? आहेत तर एकशे अडतीस."

"मला काय सांगताय? जाऊन कागदाला सांगा."

सुतारानं ओळंबा खाली ठेवला. चौकट सरळ होती की तिरकी, हे त्याला त्यानंतर काही सांगता आलं नसतं. त्या एकशे अडतिसात त्याची थोरली बहीण होती. सत्ताविसाव्या वर्षी ती डोंगर चढून गेली आणि भिक्खुणी झाली, त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. सगळे तिला आर्याजी म्हणायचे. सुतार मात्र ताईच म्हणायचा. त्यावरून वरचे लोक त्याला हसायचे आणि ती स्वतः एकदाही हसली नव्हती.

पाऊस संपून दोन महिने झाले होते. कोरडं वारं सुटलं होतं. हातांना भेगा पडत होत्या आणि लाकूड रंध्याखाली पीठ होऊन सांडत होतं. आठवड्याभरात वर एक टेबल आलं, दोन खुर्च्या आल्या, एक कपाट आलं. विहाराच्या ग्रंथशाळेत ते मांडलं गेलं. टेबलामागे बसलेल्या साहेबांच्या तोंडावर कायम हसू असायचं, म्हणून लोकांनी त्यांना हसरे साहेब म्हणायला सुरुवात केली. शेजारी एक कारकून असायचा. तो दिवसभर शिक्के मारायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. त्याचं नाव शिक्काच पडलं. आता भिक्खूला आजारी माणसाला बघायला पलीकडच्या गावात जायचं असलं तरी शिक्का लागायचा.

"उद्या निर्वाणाला जायचं म्हटलं तर आधी रजेचा अर्ज द्यावा लागेल," सुताराची बायको म्हणाली.

त्या वेळी दोघंही हसले.

साहेबांनी सुताराला वर बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली. ग्रंथशाळेत खुर्चीवर बसायची त्याला सवय नव्हती. तो कडेला टेकला.

"मिस्त्री, पूर्वेची ओळ तुमच्या वडिलांनी बांधली ना?"

"हो. चाळीस खोल्या."

"ती उतरवायची आहे. माणसंच राहणार नाहीत तर खोल्या कशाला? यंत्र काही वर चढत नाही, पायऱ्या आहेत. तुम्हाला प्रत्येक सांधा माहीत असेल. लाकूड अख्खं निघालं पाहिजे. खाली फाटकापाशी तिकीटघर बांधायचंय. लोक विहार बघायला येतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

साहेब तसेच हसत राहिले. "तर काय? बाहेरची माणसं येतील. त्यांच्याजवळ पहारी आणि कुऱ्हाडी असतात. तुमच्यासारखे हात थोडेच असतात?"

सुतार तिथून उठून मोठ्या भन्त्यांकडे गेला. ऐंशी पार केलेला तो म्हातारा उन्हात पाय सोडून बसला होता. मांडीवर फळी आणि फळीवर कोरा कागद होता. साठ नावं त्यांनीच लिहायची, असा हुकूम होता. सरकार कुणाला काढत नव्हतं. विहारच ठरवणार होतं, कोण राहणार ते.

"भन्ते, मी काय करू?"

"तूच उतरव," भन्ते म्हणाले. "तुझ्या बापाचं काम आहे. परक्याच्या कुऱ्हाडीनं जाण्यापेक्षा तुझ्या पटाशीनं जाऊ दे." मग कागदाकडे बघून म्हणाले, "तुझ्या कामात निदान हातानं तोडायचं आहे. माझ्या कामात नुसतं लिहायचं आहे."

त्यांनी साठावं नाव ताईचं लिहिलं होतं. तिचे दोन्ही गुडघे गेले होते, डोंगर उतरून ती कुठं जाणार? तिला कळलं तेव्हा ती भिंत धरत त्यांच्याकडे आली आणि नाव खोडून घेतलं. त्या जागी एका तिशीतल्या भिक्खुणीचं नाव घालायला लावलं. तिचं मागं कुणी उरलं नव्हतं.

"तिला घर नाही," ताई म्हणाली. "मला भाऊ आहे."

सुताराला हे बायकोकडून समजलं. त्या दिवशी तो जेवायला बसला आणि दोन घासांवर उठला.

काम सुरू झालं. आधी कौलं. सुतार छपरावर बसून एकेक कौल सोडवायचा, खाली बायको उभी राहून झेलायची आणि टोपलीत रचायची. टोपली भरली की डोक्यावर घेऊन दोनशे सोळा पायऱ्या उतरायची. आणखी चार मजूर होते, पण ते साहेबांनी आणलेले. ते कौल फेकायचे म्हणून सुतारानं त्यांना छपरावर चढू दिलं नाही. वारा असा होता की कौल उचललं की खालची धूळ सरळ डोळ्यांत जायची. तिसऱ्या दिवशी बायकोची मान आखडली. तिनं त्याला सांगितलं नाही, नुसती टोपली उजवीकडून डावीकडे घ्यायला लागली.

कौलांनंतर रिपा, मग वासे, मग आढं. बापानं खिळा वापरला नव्हता. सगळं खुंट्यांवर होतं. सुतार पटाशीनं खुंटीचं तोंड मोकळं करायचा, खालून हळूच ठोकायचा, आणि खुंटी करकरत बाहेर यायची. साठ वर्षांची खुंटी आतून अजून पिवळी होती. अशी खुंटी निघाली की त्याला आधी आनंद व्हायचा, बापाच्या कामाचा. मग आपण काय करतोय ते लक्षात यायचं.

ज्यांच्या खोल्या उतरवायच्या त्या भिक्खुणी गाठोडं घेऊन बाहेर उभ्या असायच्या. कुणी त्याला बोललं नाही. एकीनं पाणी आणून दिलं. त्यानं ते घेतलं, पण तिच्याकडे बघून पिता येईना, म्हणून पाठ करून प्यायला.

पंधराव्या दिवशी ताईची खोली उरली. तो दारात आला तेव्हा ती आत केर काढत होती. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात केरसुणी.

"ताई, आता कशाला झाडतेस? छप्परच काढायचंय."

"छप्पर तू काढ. जमीन माझ्याकडे आहे अजून."

कोपऱ्यातला केर तिनं सुपलीत भरला, बाहेर नेऊन टाकला आणि मग म्हणाली, "हं, चढ."

खाली जाण्याआधी प्रत्येकाला ग्रंथशाळेत एका कागदावर सही करावी लागत होती. कागद छापील होता. 'मी माझ्या स्वखुशीने विहार सोडून घरी जात आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.' अठ्ठ्याहत्तर जणांपैकी सत्त्याहत्तर जणांनी सही केली. काही रडत, काही न वाचता. ताईनं कागद नीट वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"हे खरं नाही."

"आर्याजी, ही नुसती कागदाची भाषा असते," साहेब म्हणाले.

"मी स्वखुशीनं जात नाहीये. घालवताय म्हणून जातेय. तसं लिहा, मी लगेच सही करते."

"तसा नमुना नाही आमच्याकडे."

"खोटं बोलणार नाही, असं मी रोज सकाळी म्हणते. एकतीस वर्षं. आज दुपारी कसं बोलू?"

शिक्क्याचा हात वरच्या वर थांबला. साहेबांनी तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि सुताराला आत घेतलं. दार लोटलं. जे सही करत नाहीत त्यांना अभ्यास शिबिरात पाठवतात, ते म्हणाले. ते दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तिथं थंडी फार. मुदत ठरलेली नसते, माणूस समजूतदार झाला की सोडतात.

"या वयात, या गुडघ्यांनी," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच काळजी होती. "मला नकोय हे, मिस्त्री. तुम्ही घरातले कर्ते. आजारी असल्यामुळे भावाने सही केली, असा शेरा मारतो. त्यांना कळायचीसुद्धा गरज नाही."

खिडकीतून सुताराला ताईची पाठ दिसत होती. बाकावर ती एका बाजूला कलली होती, डाव्या गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून. त्यानं सही केली. शिक्का पडला.

पायऱ्या उतरताना त्यानं तिला पाठीवर घेतलं. ती भातुकलीतल्या भांड्यासारखी हलकी लागली.

"सोडलं कसं त्यांनी?" तिनं मागून विचारलं.

"बोललो मी साहेबांशी."

"ऐकलं?"

"ऐकलं."

घरात मागची खोली तिला दिली. तिथं त्याची हत्यारं असायची, ती पडवीत आली. चीवर अंगावर ठेवायला बंदी होती. तिनं ते धुतलं, घडी केली आणि भावजयीचे जुने कपडे घातले. बाह्या लांब व्हायच्या. केस वाढवण्याचा हुकूम होता. महिन्याभरात डोक्यावर पांढरे खुंट उभे राहिले. गल्लीतली माणसं आधी हात जोडायची, आता बघून न बघितल्यासारखं करायची. हात जोडले तर कुणी टिपून ठेवेल, ही भीती.

"वन्सं, तुम्ही काही करू नका, बसा," सुताराची बायको म्हणायची.

"बसून माझे पाय काही परत येणार नाहीत. दे इकडे ती डाळ." ती डाळ निवडायची, फाटकं शिवायची, सकाळी हळू आवाजात आपली वंदना म्हणायची. दर सोमवारी चौकीवर शिक्क्यासमोर हजेरी असायची. सुतार तिला हातगाडीवर बसवून न्यायचा. पोरीबाळी खिदळायच्या. ती म्हणायची, "हसू दे रे. म्हातारपणी वरात निघाली माझी."

सातव्या सोमवारी शिक्का तिची फाइल उघडी ठेवून चहाला गेला. ती टेबलासमोर उभी होती आणि तिला वाचता येत होतं.

 घरी येऊन ती पाणी प्याली, मग तिनं सुताराला समोर बसवलं.

"ती सही तू केलीस?"

त्याला वाटलं होतं, हा प्रश्न आला तर सांगायला आपल्याजवळ बरंच काही असेल. तोंडातून एवढंच आलं, "हो."

"का?"

"तुझे गुडघे बघ जरा."

"गुडघे माझेच आहेत. शब्दही माझा होता." ती चिडली नव्हती. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "माझ्याजवळ दुसरं काय होतं रे? खोली नव्हती, वस्त्र नव्हतं. तेवढं एक होतं, ते तू माझ्या नावानं देऊन आलास. पुढच्या सोमवारी मी जाऊन सांगणार आहे, की हे खरं नाही. तुला आधी सांगते. मागून कळायला नको."

ते सात दिवस घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. सुताराची बायको दोनदा तिच्या पायाशी बसून रडली. "वन्सं, कोण वाचतंय तो कागद? कपाटात पडलाय. कपाटाला काय कळतंय खरं न् खोटं?"

"मला कळलंय ना," ताई म्हणायची आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. त्या आठवड्यात तिनं भावजयीच्या आखडलेल्या मानेला रोज तेल लावून दिलं.

सुतारानं हत्यारांना धार लावली. काम नव्हतं तरी लावली. शनिवारी त्याला वाटलं, हातगाडीचं चाकच काढून ठेवावं. मग त्यालाच त्याची लाज वाटली. ती रांगत गेली असती.

सोमवारी चौकीत तिनं शिक्क्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, घरी जा. मी ऐकलं नाही असं समजतो." पहिल्यांदाच त्याचा आवाज सुतारानं नीट ऐकला. अगदी तरुण आवाज होता.

"ऐका आणि लिहून घ्या," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

तासाभरानं साहेब आले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू त्या दिवशी थोडं थकलेलं होतं. त्यांनी सुताराला जवळ बोलावलं.

"मिस्त्री, तुम्ही खोटी सही केली असं निघतं यातून. तुमच्यावरही येईल. पण एक वाट आहे." त्यांनी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "लिहा, बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय, ती काय बोलते ते तिला कळत नाही. बस्स. मी फाइल बंद करतो. हजेरीसुद्धा बंद. वेड्या माणसाला कोण हजेरीला बोलावतं? आता इथून घरी घेऊन जा."

पेन त्याच्या हातात होतं. ताई चार हातांवर बाकावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला, ती काहीतरी खूण करील म्हणून. लिही किंवा नको, काहीही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिनं त्याच्यावर काहीच लादलं नाही, आणि तेच त्याला सहन होईना.

"साहेब," तो म्हणाला, "ती शहाणी आहे."

"मिस्त्री, विचार करा."

"आमच्या घरात सगळ्यांत शहाणी तीच आहे. मी नाही लिहिणार."

"म्हणजे तिला पाठवू? तुम्ही सांगताय?"

"मी कशाला सांगू पाठवा म्हणून?" त्याचा आवाज चिरकला. "मी एवढंच सांगतोय की ती वेडी नाही. पाठवताय तुम्ही."

साहेबांनी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं, झाकण लावलं आणि खिशात ठेवलं.

गाडी दुपारी आली. मागं उघडी होती. सुतारानं अंगातला कोट काढून तिच्याकडे दिला, तर शिपाई म्हणाला, यादीत नसलेली वस्तू बरोबर नेता येत नाही. सुतार म्हणाला, यादीत लिहा. शिपाई म्हणाला, यादी बंद झाली. गाडीला पायरी उंच होती. तिला ती चढता येईना. दोघा शिपायांनी काखेत हात घालून तिला वर उचललं. लांब बाहीतून तिचा हात कोपरापर्यंत उघडा पडला. तिनं तो आधी झाकला, मग बसली. जाताना म्हणाली, "बायकोच्या मानेला तेल लावत जा."

रिकामी हातगाडी ढकलत तो घरी आला. बायको दारातच होती.

"वन्सं?"

त्यानं सांगितलं. आधी तिला ते खरं वाटेना, मग ती त्याच्या अंगावर धावून आली. "एक सही पहिल्यांदा केलीत ना? मग दुसऱ्यांदा काय हात मोडला होता? चांगलं व्हायचंय तुम्हाला? तुमच्या चांगुलपणाची थंडी त्यांना वाजणार, कळतंय का? त्यांना!" तिनं हातातलं भांडं भिंतीवर फेकलं.  त्यानं भांडं उचलून जागेवर ठेवलं. ती महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

त्याला सरकारी काम मिळायचं बंद झालं. मग सरकारला घाबरणाऱ्यांचंही बंद झालं. तो फळांची खोकी ठोकू लागला. पातळ फळ्या आणि खिळे, दिवसाला चाळीस खोकी. तिकीटघर परक्या सुतारांनी बांधलं. आढं मधोमध कापून त्याचे दोन खांब केले. वर विहारात साठ जण ठरलेल्या वेळी वंदना म्हणायचे आणि तिकीट काढलेली माणसं फोटो काढायची. मोठे भन्ते त्या थंडीतच गेले. अंत्यसंस्काराला किती माणसं यायची, त्याचाही आकडा ठरवून आला होता. त्या आकड्यात सुतार नव्हता. सुतारानं तीनदा शिबिराला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

अकरा महिन्यांनी एक मालट्रक फाट्यावर थांबला आणि ड्रायव्हरनं निरोप पाठवला की तुमची म्हातारी घेऊन जा. सुतार आणि बायको दोघंही धावत गेले. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. केस मानेपर्यंत आले होते आणि विंचरलेले नव्हते. उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. काय झालं ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढंही सांगितलं नाही. बायकोनं तिला उचलायला हात घातला आणि हाडं लागली तशी तिथंच रस्त्यात खाली बसली.

तिच्याजवळ एक कागद होता, सुटकेचा. घरी आणून तिला निजवल्यावर सुतारानं तो उजेडात धरला. 'सदर महिलेची मानसिक स्थिती ठीक नसल्याने तिला मुक्त करण्यात येत आहे.' खाली कुठल्याशा डॉक्टरची सही आणि शिक्का.

बायकोनं तो त्याच्याकडून वाचून घेतला. 

"हेच लिहायला सांगितलं होतं ना तुम्हाला तेव्हा?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "शब्दाला शब्द. तेव्हा लिहिलं असतंत तर कान वाचला असता. काय मिळवलंत?"

सुतार भिंतीला टेकून बसला. ताई जागी होती. तिनं डावा कान वर करून मान वळवली.

"डॉक्टरनं मला बघितलंसुद्धा नाही नीट," ती म्हणाली. "दारातून बघितलं आणि लिहिलं. परका माणूस. त्याला माझं काय माहीत?" मग तिनं भावाकडे बोट केलं. "याला माहीत होतं. यानं लिहिलं असतं ना, तर मी वेडीच झाले असते."

 बायकोनं उठून चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं, आणि ते तापेपर्यंत ताईच्या डोक्याशी बसून केसांतला गुंता एकेक करून सोडवू लागली.